मुखेडची वाट आणि नऊ घरांची घुंडी

मुखेडला जावयाचे म्हटले म्हणजे आमच्या घरात सामानाच्या आधी रस्त्याची चौकशी होते. नांदेडपर्यंत आगगाडी सुखाने आणून सोडते. पुढे मुखेडला रेल्वे नाही. हैदराबादकडे जाणारी सडक धरून नरसीपर्यंत यावे, तेथे मोठा रस्ता सोडून मुखेडची वाट धरावी, आणि दोहों बाजूंची काळीभोर राने, उभ्या तुरी व मधूनच डोके वर काढणाऱ्या बालाघाटाच्या बोडक्या टेकड्या पाहत गावात शिरावे, हा आमचा ठरलेला क्रम. गावात दशरथेश्वर महादेवाचे चालुक्यकालीन देवालय आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवरील कोरीव मूर्ती पाहावयास दूरचे अभ्यासक येतात. आम्ही मात्र तेथे घटकाभर टेकतो ते पाठ सरळ करण्याकरिता. कारण आमचे खरे ठिकाण तेथून चौदा किलोमीटर पुढे, मुक्रमाबादच्या अंगाला आहे, आणि त्या चौदा किलोमीटरांचा हिशेब मागील अंतराशी जुळत नाही.

देवळाचा काळा पाषाण आणि भोवतालची काळी माती ही एकाच आईची लेकरे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. त्यांचा हा खडक, आणि तो झिजून झालेली ही माती. परंतु आईचे स्थैर्य दगडाने घेतले. माती चंचल निघाली. पाणी प्याली की ती फुगते, उन्हाने तापली की आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा टाकते. अशा मातीवर बांधलेला रस्ता एका पावसाळ्यात उचलला जातो व एका उन्हाळ्यात खचतो. ठेकेदाराने प्रामाणिकपणे काम केले तरीही त्या रस्त्याला लाटा येतात. न केले तर काय होते ते सांगण्याची गरज नाही. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये, श्रावणात, या तालुक्यात अतोनात पाऊस झाला. लेंडी नदीकाठच्या रावणगाव, हसनाळ इत्यादी गावांत पाणी शिरले, माणसे व जनावरे दगावली. ज्यांची माणसे गेली त्यांच्या दुःखापुढे रस्त्याची गोष्ट काढणेही संकोचाचे वाटते. पण मागे राहिलेल्यांना त्याच उखडलेल्या रस्त्यांवरून दवाखाना गाठावा लागतो, हेही खरे.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारे अक्का म्हणतो, या गावी १९६० च्या उन्हाळ्यात सून म्हणून आली. १ मे रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन जेमतेम महिना लोटला होता. मुखेडचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात होता आणि त्यानंतरही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात राहिला. त्या राज्यात सरकारी मोटारवाहतूक निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली अवघ्या २७ गाड्यांनिशी सुरू केली होती, असे आमचे वडील सांगत. अक्काची पाठवणी एस.टी.ने मुखेडपर्यंत झाली आणि पुढे सासरची दमणी आली. दमणीत कडब्याचा थर, त्यावर गादी, गादीवर नवी नवरी. तरी उतरताना अक्काला उभे राहवेना, ही आठवण ती अजून हसत सांगते.

गेल्या श्रावणात मात्र हसण्याजोगे काही उरले नाही. ओसरीच्या पायरीवरून तिचा पाय घसरला आणि पाठीचा एक मणका दबला. वय चौऱ्याऐंशी, हाडे ठिसूळ. दोन महिने अंथरुणावर काढून ती उठली. दरमहा मुखेडला दाखवून यावे, असे डॉक्टरांनी सांगितले. भाच्याजवळ दुहेरी केबिनची पिकअप गाडी आहे. सोयाबीनची पोती, खताच्या गोण्या आणि घरची माणसे यांची ने-आण ती एकटीच करते. तिचे मूळचे शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बरला गॅरेजमध्ये हेच नाव आहे) गळून गेले होते. आईला धक्का लागू नये म्हणून भाच्याने पदरमोड करून बाजारातील भारी, घुंडी फिरवून कमीजास्त कडक करता येणारे शॉकअप आणविले व चारही चाकांना बसविले. एक हे सर्वांत मऊ घर, नऊ हे सर्वांत कडक. दुकानदाराने सांगितले, “रस्ता खराब आहे ना, मग सातावर ठेवा.” भाच्याने तसेच केले. मी त्या वेळी तेथेच होतो; जन्मभर तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकविलेला मनुष्य असूनही मी मान डोलविली.

त्या पहिल्या फेरीत अक्का वाटेत एक शब्द बोलली नाही. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. “अरे, मी काही काचेची बरणी नाही,” ती म्हणाली, “पण आज फार लागलं रे.” डॉक्टरांनी तपासून भाच्याला बाजूला घेतले व स्पष्ट सांगितले, “असा प्रवास पुन्हा नको. एक तर गाडी सुधारा, नाही तर मुक्काम बदला.”

रात्री ओसरीवर बैठक बसली. थोरला भाचा पुण्याहून फोनवर बोलत होता: तेथे लिफ्ट आहे, दवाखाना पावलावर आहे, आईला आता येथे आणावे. धाकट्याचे म्हणणे, आईला या घरातून उपटून नेले तर ती तेथे रुजणार नाही. दोघांचेही बोलणे मायेचे, आणि दोघांचेही आवाज चढलेले. सूनबाई आत-बाहेर करीत होत्या. शेवटी अक्काला विचारले. ती म्हणाली, “तुम्ही ठरवाल तसं. पण देवघरातल्या देवांचं काय करायचं, ते आधी ठरवा.” त्यावर कोणास काही बोलवेना. मी चार दिवसांची मुदत मागून घेतली. डोक्यात एकच विचार होता: इतके भारी सामान घालूनही गाडी पूर्वीपेक्षा अधिक का आपटते?

दुसऱ्या दिवशी मुखेडला मेस्त्रींकडे गेलो. मार्गशीर्षातील माळेगावची खंडोबाची यात्रा तोंडावर आली होती. लाल कंधारी गुरे तेथे नेणाऱ्या गाड्यांची त्यांच्या दारात रांग लागली होती. मेस्त्रींनी आमच्या गाडीखाली वाकून पाहिलेही नाही. मागच्या रिकाम्या हौद्यावर हात ठेवून म्हणाले, “साहेब, गाडी रिकामी हाय म्हणून मारायली. शॉकअपचा गुन्हा न्हाई. हवा किती हाय ते बघितलं का?”

या एका वाक्यात आमच्या चुकीचे मर्म होते. ते नीट समजण्यासाठी गाडीच्या पोटातील दोन अवयवांचा भेद ध्यानात घ्यावा लागतो. पहिला अवयव कमान. पिकअपच्या मागील बाजूस एकावर एक पोलादी पाटे रचून ती केलेली असते. ओझे वाहणे हे कमानीचे काम. १६७८ साली इंग्लंडातील रॉबर्ट हूक याने तिचा नियम प्रसिद्ध केला: जितका भार, तितका तिचा वाक. १८०४ साली ओबाडाया एलियट याने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार कमानींचे पेटंट घेतले आणि माणसांचा प्रवास सुखाचा होऊ लागला. परंतु कमान ही कर्ज न बुडविणारी आहे. खड्ड्यात जेवढा झटका घेतला, तेवढा ती परत करते. ती एकटी असेल तर एका धक्क्यापायी गाडी कितीतरी वेळ वर-खाली डुलत राहते.

येथे दुसरा अवयव, म्हणजे शॉकअप, कामास येतो. नळकांड्यात तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रे. चाक वर-खाली झाले की तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते आणि झटक्याचे बळ उष्णतेत जिरून जाते. खडबडीत रस्त्यावरून बराच वेळ गेल्यावर नळकांड्यावर हात ठेवून पाहावा, म्हणजे जिरलेला झटका चटक्याच्या रूपाने भेटतो. शॉकअप ओझे उचलीत नाही. तो दबताना चाकाच्या उसळीला आवर घालतो आणि परतताना कमानीच्या उसळीला. दुसरे काम बहुधा अधिक जोराने करावे लागते. आपल्याकडे १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियासारख्या कंपन्या हे नळकांडे बनवितात, आणि त्यांचे कारखाने चाकण, नाशिक येथे आहेत. कारखान्यातून निघताना त्याचा कडकपणा बहुधा कायमचा ठरविलेला असतो. घुंडीच्या शॉकअपमध्ये तो मालकाच्या हाती येतो. अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथील रानवाटांवर गाड्या हाकणाऱ्यांत त्यांचा मोठा प्रसार आहे. अधिक महागड्या जातींत दबण्याची घुंडी वेगळी व परतण्याची वेगळी असते. आमच्या गाडीची एकच घुंडी दोन्ही सांभाळीत होती.

आता चूक उघड झाली. पिकअपच्या मागच्या कमानी पोत्यांसाठी घडविलेल्या. त्यांच्यावर केवळ एक म्हातारी बसली तर त्या वाकणार कशा? त्यात टायरमध्ये हवा भरल्या गाडीची, आणि घुंडी सातावर. तीन कठोरांच्या मध्ये अक्काचा मणका सापडला होता. रिकामी बैलगाडी भरलेल्या गाडीपेक्षा अधिक खडखडते, हे अक्काच्या सासऱ्यांच्या गाडीवानाला ठाऊक होते. मी मात्र ते विसरलो होतो. दारालगतच्या खांबावर चिकटविलेल्या तक्त्यात रिकाम्या व भरल्या गाडीसाठी हवेचे आकडे निरनिराळे दिलेले असतात. ते आम्ही इतक्या वर्षांत वाचले नव्हते.

गाडी उंच करून घ्यावी, असा एक मोह भाच्याला झाला होता. तो मी मोडून काढला. नोंदणीतील तपशील मूळ बनावटीशी जुळेनासा होईल असा फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते. शिवाय उंच गाडीत अक्काला चढविणार कोण?

परीक्षेसाठी गावच्या मारुतीपासून ओढ्यापर्यंतचा सुमारे एक किलोमीटरचा तुकडा निवडला. त्यात मुरमाच्या लाटा होत्या, पुरानंतर बुजविलेली एक चारी होती आणि नळ्यांच्या पुलाचा चढउतार होता. वेग ताशी वीस किलोमीटर, त्याहून अधिक नाही. अक्काच्या आसनावर चुंबळ ठेवून तिच्यावर पितळी गडू काठोकाठ भरून ठेवला. भाचा गाडी हाकी, त्याची कन्या गडूतील उरलेले पाणी स्वयंपाकघरातल्या मापाने मोजी, आणि मी वहीत लिही. मुलीने आपला मोबाईलही आसनाला बांधला होता. त्यात धक्क्यांचा आलेख उमटतो. म्हाताऱ्याचा गडू आणि नातीचा मोबाईल अशी ती शर्यत होती.

पहिल्या दिवशी घुंडीला हातच लावला नाही. सकाळी टायर गार असताना हवा तक्त्याप्रमाणे उतरविली. वाळूची चाळीस चाळीस किलोंची दोन पोती मागच्या आखाच्या बरोबर वर ठेवून दोराने घट्ट बांधली, कारण सुटी वाळू धक्क्यात माणसांच्या अंगावर यावयाची. एवढ्यानेच, घुंडी सातावर असतानाही, गडूत पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक पाणी उरले. अर्धी लढाई फुकटात जिंकली होती.

दुसऱ्या दिवशी चारही घुंड्या एकावर आणल्या. लाटांवरून गाडी लोण्यासारखी गेली. आम्ही एकमेकांकडे हसून पाहिले. तोच चारी आली. गाडीचा मागचा भाग खोल बसला, रबरी ठोकळ्यावर दण्णकन आदळला, आणि नंतर होडीसारखी डुलत ती पुढे गेली. गडूतील पाणी एकदम लाटेने सांडले. मग नवावर नेऊन पाहिले. डुलणे गेले, पण मुरमाच्या लाटांवर स्टिअरिंग थरथरू लागले आणि पाणी थेंबाथेंबाने चहूंकडे उडाले. याचे कारण मनोरंजक आहे. शॉकअप फार कडक असला म्हणजे दबलेले चाक पुन्हा खाली येण्यास वेळ घेते. ते पुरते खाली येण्याआधीच पुढची लाट येते. अशा रीतीने गाडी प्रत्येक लाटेसरशी अधिकाधिक दबत जाते आणि शेवटी तिच्यापाशी झटका घेण्यास जागाच उरत नाही. मऊपणाचा दोष डोळ्यांना दिसतो, कडकपणाचा दोष मजबुतीचे सोंग घेतो. आम्ही सात आकड्याला भुललो तो याच सोंगामुळे.

त्याच संध्याकाळी माझ्याकडून एक गफलत झाली. घाईने पुढच्या व मागच्या घुंड्या एकाच वेळी फिरविल्या. गाडी सुधारली खरी, पण कोणत्या घुंडीने सुधारली ते कळेना. सारी संध्याकाळ वाया गेली. विद्यार्थ्यांना जन्मभर सांगितले होते की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नातीने ते वाक्य वहीत तांबड्या शाईने लिहून ठेवले.

तिसऱ्या दिवशी शिस्तीने चाललो. एका आखावरच्या दोन्ही घुंड्या नेहमी सारख्या. आधी मागचे आख, मग पुढचे. प्रत्येक फेरीला एकच घर. पुढे इंजिनाचा भार कायमचा, म्हणून तेथे थोडा अधिक आवर लागला. पुढे चार व मागे तीन या जोडीवर गडूत सर्वांत अधिक पाणी उरले, आणि मोबाईलचा आलेखही तेच बोलला. दोघांचे एकमत झाल्यावर सूनबाईंनी आपला गडू मागून नेला.

अक्का हे सारे ओसरीवरून पाहत होती. चौथ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, “गडूला किती विचाराल? पाठ माझी आहे, आता मला विचारा.” कंबरेचा पट्टा बांधून, पुढच्या आसनावर, दोन्ही आखांच्या मध्ये जेथे हेलकावा कमी असतो तेथे, तिला बसविले. पहिल्या प्रवासात मानाने म्हणून तिला मागच्या प्रशस्त आसनावर बसविले होते. तोही आमचा अडाणीपणाच. तिने डोळे मिटून घेतले. ओढ्यापाशी पोहोचल्यावर म्हणाली, “पुढचं ठीक आहे. मागून मात्र कुणीतरी ढकलल्यासारखं होतं.” भाच्याने उतरून मागच्या घुंड्या दोनावर आणल्या. परतताना ती बोलली नाही. पण चारी ओलांडल्यावर डोळे उघडून रानातल्या तुरीकडे पाहू लागली. आम्ही समजलो.

त्या रात्री मला एक गोष्ट सुचली, ती आगाऊपणा न मानता वाचकांनी ऐकावी. घरातही ओझे वाहणारे निराळे आणि झटका जिरविणारे निराळे असतात. या घराचे ओझे मेहुण्यांनी वाहिले, पुढे भाच्याने वाहिले. ते सर्वांना दिसले. पासष्ट वर्षे दोहों बाजूंचे झटके आपल्यात जिरवून दुसऱ्यापर्यंत पोहोचू न देणारी अक्का होती, आणि तिच्या अंगाला लागलेला चटका कोणी हात लावून पाहिला नव्हता. दोघे मुलगे त्या रात्री मायेपोटीच कडक झाले होते. मी पुण्यास फोन लावला व थोरल्याला चार दिवसांची वही वाचून दाखविली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामा, चैत्रापर्यंत राहू द्या. मी दर महिन्याला येतो आणि तिला दवाखान्यात मीच नेतो.”

पुढच्या खेपेस तो खरोखरच आला. मुखेडला पोहोचावयास पूर्वी अर्धा तास लागे, आता पन्नास मिनिटे लागली, कारण कोणतीही घुंडी वेगाचा अपराध पोटात घालीत नाही. दवाखान्याच्या दारात अक्का हाताला धरून का होईना, पण आपल्या पायांनी उतरली. डॉक्टरांनी तपासले व पुढच्या महिन्याची तारीख लिहून दिली; मुक्काम बदलण्याचा विषय त्यांनी काढला नाही. येताना तिच्या आग्रहावरून दशरथेश्वरापाशी थांबलो. आत जाण्याच्या पायऱ्या तिला झेपण्याजोग्या नव्हत्या. तिने बाहेरूनच हात जोडले.

रस्ता अजून तसाच आहे. शेतरस्त्यांसाठी सरकारने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली, गावकऱ्यांचे अर्ज चालू आहेत. आपल्या वाटेचा मुरूम कधी पडेल ते पडो. चैत्रात पुन्हा विचार करावयाचा आहे, आणि तेव्हा काय ठरेल ते मी सांगू शकत नाही. ज्यांच्या घरी अशी गाडी आणि असे वडीलधारे माणूस आहे, त्यांनी आधी हवा, मग ओझे, मग आसन आणि सर्वांच्या शेवटी घुंडी, हा क्रम धरावा; आणि नव्या सामानाला पैसे मोजण्यापूर्वी खांबावरचा तक्ता वाचावा.

गाडीच्या कप्प्यात आता नातीने सुवाच्य अक्षरांत एक कागद चिकटविला आहे. पहिल्या ओळीत: “आजी. पुढे चार, मागे दोन, वाळू बांधणे, हवा कमी.” दुसऱ्या ओळीत: “सोयाबीन. पुढे पाच, मागे सात, वाळू काढणे, हवा पुरी.” अक्काने चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाली, “माझं नाव पोत्यांच्या वर लिहिलं, हे बरं केलं.”